रोज तीन सेकंद पुढे

मी, घरच्यांच्या तोंडी 'भिंगरी' आणि घड्याळांच्या वाचकांना 'मनगटावरून' या पानाचा लेखक म्हणून माहीत असलेला, वय वर्षे एकतीस, धंदा फिरस्ती (म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमांचे स्पीकर गाडीत चढवणे, उतरवणे आणि मधल्या वेळात घड्याळांवर लिहिणे), आज सोमवारी सकाळी इस्पितळासमोरच्या लॉजच्या सात नंबरच्या खोलीत, पोटात चहा आणि डोकं ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव नीट घरी जातात. मी आजवर बऱ्याचदा उरलेल्या तिघांत निघालो आहे, म्हणून हा खटाटोप.

डॉक्टरांनी हृदयाची तुलना घड्याळाशी केली. "तुम्हाला समजेल असं सांगतो," म्हणाले. घड्याळाला झडप नसते. पण ज्याच्या हातात सुरी असणार त्याच्याशी वाद घालायचा नाही एवढी अक्कल मला आहे.

शेजारच्या आठ नंबरात एक काका उतरलेत. त्यांची बायको समोर भरती आहे. काकांनी कोर्टाबाहेर बसून तीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं आणि भाडेपत्रं टाइप केली. वरचा 'फूस' हा शब्द त्यांचा. मृत्युपत्रात 'बहुतेक' आणि 'जमलं तर' लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. बहुतेक पाळेन.

कलम १. घर, जमीन, दागिने: नाहीत. कपडे आहेत, ते कोणाला देण्याच्या लायकीचे नाहीत. बँकेत जे काही उरेल ते इस्पितळाचं भागवून माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला द्यावं. माझ्या पश्चात सगळी व्यवस्था आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने बघावी. तो माझ्यापेक्षा कमी शिकलाय, पण पाकीट पोचवायला सांगितलं तर पोचवतो. मी अजून टपालपेटीच शोधत असतो.

कलम २. माझ्याकडे नऊ घड्याळं आहेत. सगळी छोट्या कंपन्यांची. छोट्या म्हणजे एखाद्याने घरच्या टेबलावर डायलचं चित्र काढलं, केस, म्हणजे बाहेरचं कवच, एका कारखान्यातून घेतली, आतलं मशीन दुसरीकडून मागवलं आणि स्वतःचं नाव घालून शे-दोनशे विकली, एवढ्या छोट्या. मोठ्या कंपनीच्या घड्याळात नाव चांगलं आहे हे आधीच ठरलेलं असतं. छोट्याच्या घड्याळात सगळं आपल्याला बघावं लागतं, आणि मला बघत बसायला आवडतं.

कसं बघायचं ते लिहून ठेवतो, माझी इस्टेट म्हणायची तर हीच. आधी कडेची चावी फिरवून उघडा आणि पुन्हा आवळा. आटे रेतीतून गेल्यासारखे लागले तर घड्याळ परत करा. तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध बसतो का ते महिनाभर बघा, कारण एक तारखेला बरोबर बसणारं घड्याळ अठ्ठावीस तारखेला खाली घसरलेलं मी पाहिलंय. केसची घासलेली बाजू आणि चकाकणारी बाजू जिथे मिळतात त्या रेषेवरून नख फिरवा. रेघ सरळ असेल तर कोणीतरी तिथे थांबून काम केलंय. पट्ट्याच्या आतली शिवण बघा, मालकाने हात कुठे आखडला ते तिथे कळतं. आणि जाहिरातीत 'वारसा' हा शब्द असेल तर सावध राहा. तीन वर्षांच्या कंपनीचा कसला वारसा? एकदा एका वारसावाल्याकडे गेलो होतो, वरच्या मजल्यावर ऑफिस, दारावर पितळी पाटी, आत एक टेबल आणि तो माणूस... राहू दे, काका म्हणतील पुन्हा भरकटलास.

काळं, पाण्यात चालणारं घड्याळ ड्रायव्हरला. तो गाडी धुताना घड्याळ काढत नाही, काढणारही नाही, तेव्हा ते त्याच्याकडेच बरं. तांबड्या डायलचं घड्याळ लॉजच्या मालकीणबाईंना, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, द्यायचं ठरवलं होतं. पण त्या साक्षीदार होणार आहेत आणि काका म्हणतात साक्षीदाराला काही घेता येत नाही.

"मग मला साक्षीदार करू नकोस, घड्याळ दे," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मग दुसरा साक्षीदार कुठून आणू? या गावात मला कोण ओळखतं?"

त्यांनी घड्याळ उलटंपालटं करून माझ्या हातात परत ठेवलं. "जाऊ दे. करते सही. तुझ्या तांबड्या घड्याळाने मी काही राणी होत नाही."

तर तांबडं घड्याळही ड्रायव्हरला. त्याने ते स्वतःच्या मर्जीने कोणाला द्यायचं ठरवलं, आणि ती व्यक्ती एखाद्या लॉजची मालकीण निघाली, तर मला माझ्या पश्चात त्याचं काही वाटणार नाही. बाकीची सहा गाडीवरच्या सहा जणांनी वाटून घ्यावीत. भांडलात तरी चालेल. ही झाली आठ. नवव्याचं पुढे सांगतो.

कलम ३. एक जुना हिशेब. 'फक्त शंभर नग' म्हणून ज्याने मला सदतिसावं घड्याळ विकलं त्या सद्गृहस्थास कळवावं की सदतीस नंबरवाले आणखी दोघे मला भेटले. आम्ही तिघांनी तीन मनगटं शेजारी ठेवून फोटो काढला आहे. तो फोटो मी त्यांच्या नावे करतो. दुसरं काही नाही.

कलम ४. माझं भिंग, डोळ्याला लावायचं, काळ्या डबीतलं. ते माझं नाही. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, मी वीस वर्षांचा असताना दिलं होतं. "आधी बघायला शीक, बोलायला नंतर," असं म्हणून दिलं होतं. ते त्यांना परत द्यावं.

कलम ५. या कलमात काहीतरी लिहायचं होतं. काय ते आठवत नाही. खरं तर पुढचं कलम टाळतोय. सकाळपासून दोनदा चहा झाला, एकदा खाली जाऊन मावशींच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावून आलो.

कलम ६. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यानंतर माझ्या प्रगतिपुस्तकावर तिची सही असायची, जोवर प्रगतिपुस्तकं होती तोवर. "याच्या पायाला भिंगरी आहे," असं आधी तीच म्हणाली आणि मग नावच पडलं. दाजी दाबमापकं दुरुस्त करायचे. बॉयलरवर, पंपावर ती काटा असलेली गोल तबकडी असते ना, ती. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी सायकलच्या दुकानावरची एक खोली घेतली आणि घड्याळं बनवायला लागले. डायल दाबमापकासारखा: पांढरा, जाड आकडे, अकरा ते बारा लाल पट्टा. मशीन बाहेरून यायचं, पण प्रत्येक मशीन ते अकरा दिवस, सहा अंगांनी ठेवून जुळवायचे. ताई पट्टे शिवायची आणि प्रत्येक घड्याळाबरोबर एक कार्ड लिहायची, हे घड्याळ रोज किती सेकंद पुढे किंवा मागे जातं ते. छापील नाही, तिच्या हातचं.

पहिली साठ गेली. त्यातलं एक त्यांनी मला दिलं. कार्डावर लिहिलं होतं, 'रोज तीन सेकंद पुढे.' खाली बारीक अक्षरात, 'तू मात्र रोज उशिराच.'

पुढच्या दोनशेचे डायल येऊन पडले होते. दाजी म्हणाले, "तुझ्या पानावर लिही. पण घरचं म्हणून लिहू नकोस. दिसेल तसं लिही."

हे मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. 'सख्ख्या दाजींनाही सोडलं नाही' असं लोक म्हणतील, या नुसत्या कल्पनेने अंगावर मूठभर मांस चढलं. वाक्य आधी सुचलं, घड्याळ नंतर तपासलं.

आता चूक. बाकीची आठ घड्याळं मी स्पीकर उचलताना हातातच ठेवायचो, आदळली तर आदळली. दाजींचं मात्र जिवापाड जपायचो. कामाला हात घालायच्या आधी ते काढायचो आणि सगळ्यात शेवटी हलणारा मोठा स्पीकर आडवा असायचा, त्याच्या जाळीवर मऊ फडकं घालून ठेवायचो. मोठ्या स्पीकरच्या पोटात थाळीएवढं चुंबक असतं. घड्याळाच्या पोटात केसाएवढी स्प्रिंग असते. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. दोनच महिने आधी मी चुंबकावर लेख लिहिला होता. त्यात लोकांना फ्रिजपासून लांब राहायला सांगितलं होतं.

दहा दिवसांत ते घड्याळ रोज चार मिनिटं पुढे जायला लागलं. मी शीर्षक दिलं: 'कार्डावर तीन सेकंद, मनगटावर चार मिनिटं.' लोकांना फार आवडलं. एका वाचकाने विचारलंही, चुंबक लागलं नसेल ना? मी उत्तर दिलं, 'भाऊ, घड्याळं मला नवीन नाहीत,' आणि पुढे हसणारे तीन चेहरे टाकले.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला.

"घड्याळ ठेवतोस कुठे रे?"

"दाजी, घड्याळ मनगटावर ठेवतात."

"तसं नाही. काढतोस तेव्हा?"

"काढायला कुठे सापडतंय, चार मिनिटं पुढे पळतंय ते."

ते हसले नाहीत. "पाठवून दे. एकदा बघतो."

"पुरावा कसा पाठवू दाजी? लोक म्हणतील दाबलं."

"बरं," म्हणाले. त्यानंतर त्यांचा मला फोन आलेला नाही.

ज्यांनी नवीन घड्याळं सांगून ठेवली होती ते आठवड्याभरात मागे फिरले. मोठ्या कंपनीवर कोणी वाईट लिहिलं तर ती दुसरी जाहिरात करते. छोट्याकडे दुसरी नसते. चार महिन्यांनी सायकलच्या दुकानावरची खोली सोडली. दाजी आता लिफ्टच्या कंपनीत तपासनीस आहेत, लिफ्ट मजल्याच्या रेषेला बरोबर थांबते का ते बघतात. दोनशे डायल डब्यात भरून माळ्यावर ठेवलेत. ताई म्हणते, काही काढायचं असलं तर तीच माळ्यावर चढते.

हे तीन वर्षांपूर्वीचं. एकोणीस महिन्यांपूर्वी एका गावात पट्ट्याची पिन बदलायला म्हणून जिन्याखालच्या एका दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्या बाई चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि शेजारच्या होकायंत्राचा काटा गर्रकन फिरला.

"लोहाराकडे राहतोस का रे?" त्यांनी विचारलं.

चुंबक उतरवायच्या एका निळ्या डबीवर त्यांनी घड्याळ धरलं, बटण दाबलं, हळूहळू वर उचललं. जेमतेम दहा सेकंद. "जा. कोणी जुळवलंय हे? हात चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी मोजलं. तीन सेकंद पुढे. तिसऱ्या दिवशी तीन. माझ्या वहीत एकोणीस महिन्यांच्या नोंदी आहेत, दोन, तीन, चार, तीन, तीन. रोज मोजलं आणि रोज ठरवलं की उद्या लिहायचं. लिहिलं नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाल्याची लाज वाटली, मग त्या दुसऱ्या लाजेची सवय झाली. मधल्या काळात मी सत्तावीस घड्याळांना बरंवाईट म्हटलं.

तर माझी इच्छा अशी: मी गेल्यावर ड्रायव्हरने सोबतच्या पाकिटातला मजकूर माझ्या पानावर सगळ्यात वर लावावा. त्यात चूक कोणाची ते स्पष्ट लिहिलं आहे. आणि नववं घड्याळ, कार्डासकट, दाजींना द्यावं.

मंगळवार, दुपारी. वरचं काल संपवलं आणि आज जेवण झाल्यावर काकांना भाषा तपासायला दिलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असं त्यांनीच सांगितलं होतं. तरी सगळा वाचला. सहाव्या कलमावर बोट ठेवलं.

"तू सत्त्याण्णवात निघालास तर?" म्हणाले.

"तर काय, बरंच झालं की."

"कोणाचं? तू वाचलास की हे पाकीट कोणी फोडणार नाही. म्हणजे तुझे दाजी सुटायला तू मरायला पाहिजेस."

मी म्हटलं, "काका, भाषा तपासा ना."

"भाषा ठीक आहे. पण मृत्युपत्रात माणूस आपलं असेल ते देतो. हे तुझं आहेच कुठे? हे त्यांचंच आहे, तू तीन वर्षं खिशात घालून फिरतोयस." मग चष्मा पुसत म्हणाले, "मी पुष्कळ टाइप केलीत अशी. माफी मागणारी. घरचे वाचतात तेव्हा ज्याला दोन शिव्या घालायच्या तो समोर नसतो. फार वाईट दिसतात त्यांचे चेहरे."

ते बायकोकडे गेले. मी खिडकीत उभा राहून ताईला फोन लावला. तिला ऑपरेशनचंही सांगितलं नव्हतं, आधी तेच सांगावं लागलं. त्यावर तिने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी म्हटलं, "ताई, आणखी एक आहे. ते घड्याळ..."

"स्पीकरवर ठेवायचास," ती म्हणाली.

मी खिडकी लावून घेतली.

"तुला कधी कळलं?"

"ज्या दिवशी तू छापलंस त्या दिवशी. तू लावलेल्या फोटोत आहे की. घड्याळाखाली फडकं, फडक्याखाली काळी जाळी. ह्यांनी एका नजरेत ओळखलं."

"मग ते बोलले का नाहीत? सगळ्यांसमोर माझं थोबाड फोडायचं होतं."

"फोडणारच होते. फोटोवर गोल केला होता, सगळं लिहून तयार होतं. मीच नको म्हटलं. म्हटलं, भिंगऱ्या आहे तो, पण खोटा नाहीये. त्याला फोन करून विचारा नुसतं, तो स्वतः सांगेल. चार दिवस थांबा. मग आठवडा थांबा म्हटलं. मग हे म्हणाले, आता राहू दे, आता लिहिलं तरी कोणी परत येत नाही."

"ताई..."

"मी रोज बघायचे रे तुझं पान. पट्टे शिवता शिवता. आज लिहिलं असेल, आज लिहिलं असेल."

मग ती म्हणाली, "गुरुवारी किती वाजता नेणार आहेत? मी येतेय," आणि फोन ठेवला.

मी आजवर समजत होतो की माझ्या लेखाने दाजींचं दुकान बुडालं. दुकान बुडालं ते ताईने माझ्यावर ठेवलेल्या विश्वासाने. हे मला कोणत्या कलमात घालावं कळत नाही, म्हणून इथेच लिहितो.

कलम ७. कलम ६ मधला पाकिटाचा भाग रद्द. (खोडलेल्या ओळीशेजारी मी छोटी सही केली आहे, काका म्हणाले तशीच लागते.) पाकीट मी फोडलं. आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मजकूर पानावर लावला. सोबत तोच जुना फोटो, जाळीवर गोल करून. ज्याने चुंबकाचं विचारलं होतं त्याला नावाने कळवलं आणि तीन चेहरे काढून टाकले. जुना लेखही तसाच ठेवलाय, माझ्या पश्चात कोणी तो पुसू नये. वहीतले आकडे लावले. तासाभरात अकरा लोकांनी वाचलं. पहिल्या लेखाला हजारो होते. एकाने विचारलं, 'ही घड्याळं आता कुठे मिळतील?' मी लिहिलं, 'मिळत नाहीत.' एवढे दोन शब्द लिहायला मला बराच वेळ लागला.

पावणेपाचला फोन वाजला. दाजी. मी उभा राहिलो. का, माहीत नाही.

"कार्ड आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे, दाजी."

"काय लिहिलंय?"

"तीन."

"आणि जातं किती?"

"तीनच, दाजी."

मागे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला.

"हं," ते म्हणाले. ते पुढे म्हणाले, "ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढायला लावतात. घड्याळ ताईकडे दे. दुसरीकडे कुठे ठेवू नकोस."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. माळ्यावर अजून कोणी चढलेलं नाही.

कलम ८. नववं घड्याळ आणि त्याचं कार्ड या मृत्युपत्रातून वगळत आहे. ते गुरुवारी सकाळी मी जिवंतपणी, स्वतःच्या हाताने ताईच्या हातात देणार आहे. परत मागायला मी आलो तर तिने ते द्यायचं की नाही हे दाजींनी ठरवावं. मी मागायला आलो नाही, तर ते कोणाचं हे सांगायची गरज नाही. ते आधीपासून त्यांचंच होतं.

भिंगाचं कलम कायम.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करावं लागलं तर त्यात कलमं कमी असतील असं बघेन.

लिहिणार: भिंगरी (सही, नेहमीपेक्षा सरळ)

साक्षीदार एक: खोली क्रमांक आठमधले निवृत्त टंकलेखक. 'त्याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्याच्या. खोडाखोड एका ठिकाणी, ती योग्य आहे.' (सही)

साक्षीदार दोन: लॉजच्या मालकीणबाई. 'मला तांबड्या घड्याळाबद्दल काहीही माहीत नाही.' (सही)

ठिकाण: लॉजचा पहिला मजला, खिडकीजवळचं टेबल.

दिनांक: मंगळवार, शस्त्रक्रियेला एक दिवस मध्ये.

वेळ: पाच वाजून वीस मिनिटं, ताईच्या कार्डाप्रमाणे तीन सेकंद वजा करून.